मदरबोर्ड अक्काने बदलला

अन्याय सुभद्राअक्कावर झाला. १९९६ साली, गणपतीच्या आदल्या शुक्रवारी, दुपारी तीनच्या सुमाराला, बेंगळूरच्या राजाजीनगरातल्या तिच्याच घरात. कोणी केला तेही सांगणार आहे, पण आधी ती गेल्याची बातमी मला कशी कळली ते सांगते. महिन्यापूर्वी इथल्या मराठी मंडळात गेले, तर दाराशी फळ्यावर खडूने लिहिलेलं होतं... ‘श्री. गुंडूराव टेलर यांच्या पत्नीचे दुःखद निधन.’ मी दोनदा वाचलं. पत्नीला नाव नव्हतं. गुंडूराव चांगले धडधाकट आहेत, त्यांचं नाव ठळक अक्षरात. जी मेली तिचं कुठेच नाही. चिटणीसांना विचारलं, तर म्हणाले, “सगळ्यांना कळतं की!” मला राग आला. रागाचं मी पुढे बघते. आधी अक्का कोण होती ते तुम्हाला कळायला हवं.

मी निपाणीची. शिकायला बेंगळूरला आले, मल्लेश्वरममध्ये खोली घेतली आणि पहिल्याच महिन्यात पत्रकं काढायला लागले. पाण्यावर, बसभाड्यावर, हुंड्यावर. मराठी पत्रक टाइप करून देईल असं कोण, म्हणून विचारत गेले तर लोकांनी शिंप्याच्या घरी पाठवलं. पुढच्या खोलीत गुंडूरावांचं शिलाई मशीन, मागच्या खोलीत मंडळाचा संगणक. एका कचेरीने मोडीत काढलेला, तीनशे शहाऐंशी नंबरच्या जुन्या चिपचा. अक्का लग्नाआधी टायपिस्ट होती, म्हणून तो तिच्याकडे. माझं पहिलं पत्रक वाचून ती म्हणाली, “एवढी उद्गारचिन्हं कशाला गं? जरा श्वास घेऊ दे की वाचणाऱ्याला.” तेव्हापासून मी तिला अगंतुगं करायला लागले.

त्या वर्षी मंडळाने मराठी अक्षरांचा नवा प्रोग्रॅम आणला. तो विंडोजशिवाय चालेना, आणि त्या संगणकावर विंडोज उघडायचं म्हणजे मध्ये पोळ्या लाटून व्हायच्या. चिटणीस म्हणाले, नवा संगणक परवडत नाही, यंदा गणपतीचा अंक बंद. अक्काने त्यांच्यासमोरच पेटीवर टिचकी मारली. “कॉलर विरली म्हणून शर्ट टाकतो काय आपण? काढायची, दुसरी लावायची.” चिटणीस हसले. ती हसली नाही. तिला खरोखरच बघायचं होतं, आत नेमकं काय विरलंय ते.

एस. पी. रोडवरच्या संगणकांच्या बाजारात आम्ही दोघी गेलो. कुठल्याच नावाचा नसलेला, साध्या पुठ्ठ्याच्या खोक्यातला, सगळ्यात स्वस्त चारशे शहाऐंशीचा मदरबोर्ड तिने मागितला. जुनी मेमरी यात बसेल काय, कार्डं तीच चालतील काय, हा बारका पंखा कशाला... दुकानदाराला घाम फुटला. शेवटी तो कन्नडमध्ये म्हणाला, “अक्का, जोडणार कोण? यजमानांना पाठवा.” अक्का म्हणाली, “यजमान बटणं लावतात. हे मीच लावणार.”

घरी तिने झाकण काढलं आणि प्रत्येक वायरीला शिलाईच्या दोऱ्याची गाठ मारली. वेगळी वायर, वेगळा रंग. वीज आणणारे दोन प्लग शेजारी शेजारी होते, एकाला लाल दोरा, दुसऱ्याला हिरवा. मग जुना बोर्ड बाहेर काढून तिने कागदावर त्याचा नकाशा काढला. नवा बसवला, नकाशा बघून प्लग लावले, बटण दाबलं. बारीक धूर, जळका वास. संपलं.

अक्का रडली नाही. नकाशा हातात धरून एकेक वायर पुन्हा ताडून बघायला लागली. पुढच्या खोलीतून गुंडूराव आले, त्यांनी कागद घेतला आणि म्हणाले, “अगं, तू हा उलट्या बाजूने उतरवलास की!” खरंच तसं होतं. शिंप्याच्या घरात कापडावर खूण नेहमी आतल्या बाजूने करतात, सुलट बाजूला खडू लागू नये म्हणून. तीस वर्षांच्या सवयीने तिने बोर्ड पालथा घातला आणि पाठीवरून नकाशा काढला. डावं उजवीकडे गेलं, लाल प्लगच्या जागी हिरवा. “सरी, ठीक,” अक्का म्हणाली, “म्हणजे बोर्ड वाईट नव्हता.” तिला या गोष्टीचा चक्क आनंद झाला होता!

दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली आणि सरळ सांगितलं, तुमचा माल चांगला, जाळला मी. दुकानदाराने आतून उघड्या खोक्यातला एक बोर्ड आणून तिच्या हातात ठेवला आणि स्वतः बोटाने दाखवलं, दोन्ही प्लगच्या काळ्या वायरी मध्ये, एकमेकींना चिकटून. या वेळी विंडोज उघडलं तेव्हा कणीकसुद्धा भिजवून झाली नव्हती.

आता तो शुक्रवार. अंक पुरा होत आला होता. आभाराचं पान राहिलं होतं. मी सांगत होते, अक्का टाइप करत होती. मी सांगितलं, “संगणक अद्ययावत करून दिल्याबद्दल श्री. गुंडूराव टेलर यांचे आभार.” तिची बोटं थांबली. पडद्याकडे बघत तिने विचारलं, “असंच ठेवू?” मी म्हणाले, “हो, घराच्या मालकाचं नाव द्यायची रीत आहे.” पुढच्या खोलीतलं मशीन थांबलं. गुंडूराव ओरडून म्हणाले, “माझं कशाला? मला त्यातलं ओ की ठो कळत नाही!” मी हसण्यावारी नेलं. स्त्रियांच्या हक्कांवर चार पत्रकं छापलेली मी. अक्काने ओळ टाइप केली. एकही चूक न करता.

म्हणजे फळ्यावर लिहिणाऱ्याला बोलायचा अधिकार मला नाही. ती रीत मीच छापली होती, आणि तीही तिच्याच हातून. त्यानंतर तीन वर्षं मी तिच्याकडे जात होते, तिने मला त्या ओळीवरून एकदाही टोचलं नाही. कधीतरी बोलू म्हणत मीही गप्प राहिले... आता ती नाही.

तो अंक मंडळाच्या बहुतेक घरांत आहे, माळ्यावर असेल, कपाटाखाली असेल. काढा. शेवटून दुसरं पान. गुंडूरावांच्या नावावर रेघ मारा, त्यांची हरकत नाही, मी विचारून आले आहे. वर शाईने लिहा, सुभद्रा. उद्या नको, आज लिहा.