उजवा कान शाबूत

तोफवाल्याचा डावा कान फौजेतच कामी आला. तोफेच्या उजव्या अंगाला उभं राहायची त्याची जागा, त्यामुळं दणका बसायचा तो डाव्यालाच. फौज सुटल्यावर त्यानं बोळाच्या तोंडाशी शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान टाकलं आणि कानाच्या भरपाईसाठी अपील ठोकलं. ते कचेरीत लोळत पडलेलं. तपासणी मंडळापुढं त्यानं छाती काढून सांगितलं होतं, "डावा गेला. उजवा शाबूत आहे."

गडी हाताचा पक्का, पण मनानं भारी संशयी. त्यात हल्ली गिऱ्हाइकं लबाड निघाली होती. दुरुस्त केलेलं मशीन परत आणून आदळायची.

"अजून चिरचिरतंय हो," शिंपीण ओरडून सांगायची.

तो चाक फिरवून बघायचा. मशीन आपलं मुकाट चालायचं.

"फुकटात तेलपाणी पाहिजे, दुसरं काय!" तो घरी येऊन बायकोला म्हणायचा.

पण बायकोचाही आता भरवसा उरला नव्हता. तिचा भाऊ माजी सैनिकांच्या संघात अर्ज-दाव्यांची कामं बघायचा. तो आला की बहीणभाऊ स्वयंपाकघरात शिरायचे. ओठ हलताना दिसायचे, शब्द मात्र एक बाहेर यायचा नाही. काहीतरी शिजत होतं खास.

एक दिवस मेहुणा कागद घेऊनच आला.

"दाजी, अपील मागं घ्या."

"काय?"

"अपील! मागं घ्या!"

"का? कचेरीवाल्यांनी चहा पाजला का तुला?"

"चहा तर इथंही कुणी पाजत नाही," मेहुणा म्हणाला, आणि मग आवाज चढवून, "हे मिटल्याशिवाय नवा दावा लागत नाही! दोन्ही कानांचा लावू!"

"दोन्ही? उजव्याला काय धाड भरलीय?"

मेहुण्यानं बहिणीकडं बघितलं. दोघं उठून आत गेले.

तोफवाल्याच्या डोक्यात सगळं जुळलं. सही केली की अपील फेटाळणार, आणि फेटाळलेलं पुन्हा उभं राहायचं नाही. वर धडधाकट कानाबद्दल खोटं बोलायला लावून मंडळापुढं आपल्याला लबाड ठरवणार. मेहुण्याचं तिकडं काहीतरी ठरलेलं असणार. त्यानं चपला काढल्या आणि भिंतीला धरून स्वयंपाकघराचं दार गाठलं.

दोघं शेगडीपाशी उभे. बायको हात नाचवत होती, मानेच्या शिरा फुगल्या होत्या. कुजबुजणारं माणूस असं बोलतं होय? तेवढ्यात मेहुण्यानं दोन्ही कानांवर हात ठेवले. कुकरवरनं वाफेचा लोट छताला भिडला होता, वरची शिट्टी थयथय नाचत होती.

आणि वाजत नव्हती.

"शिट्टी बिघडलीय," तो दारातनंच म्हणाला.

दोघं दचकले. बायकोनं गॅस बंद केला आणि त्याच्या उजव्या कानाशी येऊन ओरडली, "कोपऱ्यावरच्या न्हाव्याला ऐकू जाते ती!"

"मग पुन्हा लाव."

"अहो, बटाटे उकडलेत. लगदा होईल."

"होऊ दे."

तिनं गॅस पेटवला. तो उजवा कान वाफेकडं करून उभा राहिला. वाफ सुटली, गाल भाजला, शिट्टी नाचनाच नाचली. शेवटी बायकोनंच त्याला दंडाला धरून मागं ओढलं.

तो ओट्याला टेकला. मग मेहुण्याला म्हणाला, "कागद वाच. समोर बसून. तोंड दिसू दे."

मेहुण्यानं वाचला. मग त्याला दाराबाहेर काढून बायकोकडनं पुन्हा वाचून घेतला. दोघांचं जुळलं, तेव्हा कुठं सही केली.

पुढं कचेरीचा निकाल आला, "अपील मागे घेतल्यामुळे फेटाळण्यात येत आहे." तोफवाल्यानं शेवटच्या शब्दांखाली नखानं रेघ ओढली.

"बघ! फेटाळलं! काय म्हणत होतो मी?"

"ते तसंच लिहितात, दाजी! आता नवा दावा..."

"त्यात उजव्याचं आधी लिही. आणि मला वाचून दाखवल्याशिवाय पाकीट चिकटवायचं नाही." तो दुकानाकडं निघाला. उंबऱ्यातनं वळून बायकोला म्हणाला, "त्या शिंपिणीला निरोप धाड. मशीन घेऊन ये म्हणावं, पैसे नकोत. पण चिरचिर कुठनं येते, ते तिनंच बोट ठेवून दाखवायचं. खरोखर येत असली तर."