काकूंची फुंकर

अन्याय झाला तो माझ्या भाचीवर, या फेब्रुवारीत, ती पाच आठवड्यांची असताना. डांग्या खोकल्यानं ती निळी पडली. मी जर्मनीतच, आखनहून ताईच्या गावी वोल्फ्सबुर्गच्या दवाखान्यात पोचले तेव्हा तिच्या नाकाशी ऑक्सिजनची नळी होती.

ताईच्या सासूबाई, आमच्या काकू, बाळंतपणासाठी पुण्याहून आल्या होत्या. निघण्याआधी त्यांनी या खोकल्याची लस टोचून घेतली होती. मीच मागे लागले होते. लसीकरणाची पत्रकं वाटणारी माझ्यासारखी मुलगी घरच्यांना सोडते थोडीच. पण बारशाला गेले तर काकूंना बारीक ढास.

"काकू, खोकताय तुम्ही."

"अगं, तुमच्या हायट्सुंगची, त्या हीटरची, कोरडी हवा. तू तुझी पत्रकं वाट, मी माझी नात न्हाऊ घालते."

आणि न्हाऊ घातल्यावर, आपल्याकडे करतात तसं, नाक मोकळं व्हावं म्हणून बाळाच्या नाकात हलकेच फुंकर.

वॉर्डातली डॉक्टर म्हणाली, "आल्झो, म्हणजे असं बघा, लस घेतली म्हणून आजी हिंडत्या-फिरत्या आहेत. पण दंडातली लस नाकातल्या जंतूला हुसकून लावेलच असं नाही."

"मग नाकातच द्या ना लस," मी तिच्यावर चढलेच.

ती शांतपणे सांगत गेली. मारलेले जंतू नाकात फवारायचे. अस्तरातल्या पेशी ते आत ओढून संरक्षक पेशींना दाखवतात. मग शेंबडातच प्रतिपिंडं उतरतात, काही लढाऊ पेशी नाकातच मुक्काम ठोकतात, आणि पुढच्या खेपेला खरा जंतू चिकटायच्या आधीच धरला जातो. अडचण एकच. नाक दिवसभर धूळ हुंगतं; मेलेला जंतू त्याला धुळीइतकाच क्षुल्लक. म्हणून सोबत संरक्षक पेशींना डिवचणारं औषध लागतं, आणि ते नाकाला सोसायला हवं. "चाचण्या चालू आहेत," ती म्हणाली. चाचण्या चालू, आणि आत पोर श्वासासाठी झगडतंय.

पुढचं ऐकून तर माझं डोकंच फिरलं. बाळाला वाचवणारी लस आज आहे. गरोदरपणात आईला टोचायची, आईची प्रतिपिंडं बाळाला मिळतात. ताई सातव्या महिन्यात इकडे आली. पुण्यात म्हणाले, तिकडे देतील. इथल्या प्राक्सिसनं, म्हणजे डॉक्टरच्या दवाखान्यानं, धरून चाललं, तिकडे दिली असेल. भावजींना वाटलं ताईनं विचारलंय, ताईला वाटलं भावजींनी. सगळे शिकलेले.

भाची घरी आली, दूध पिते. काकू मात्र तिला उचलत नाहीत.

"अहो आई, घ्या ना तिला," ताई म्हणते.

"नको गं. बघते इथूनच."

नाकातली लस येईल तेव्हा येईल. तुमच्या घरात कुणी गरोदर असेल, पुण्यात असो की इथे, तर आजच तिच्या डॉक्टरला विचारा: या गरोदरपणात डांग्या खोकल्याची लस टोचली का? आणि "दिली असेल" हे उत्तर घेऊन घरी येऊ नका.