मेलखालचं लातूर

प्रियदर्शनी मूळची लोह्याची. लातूरच्या ट्यूशन एरियात ती क्लासवाल्यांच्या बोर्डांसाठी पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो काढायची. त्याच त्या हसऱ्या चेहऱ्यांना कंटाळून तिनं दप्तरं, डबे, मसाले बनवणाऱ्या साठ कंपन्यांना वस्तूंच्या फोटोंचे नमुने ईमेलनं पाठवले आणि काम मागितलं.

चार महिन्यांत एकच उत्तर आलं: ‘फोटो आवडले, पण आम्हाला पुण्यातलाच फोटोग्राफर हवा.’

“फोटोत गाव दिसतंय का, बाबा?” ती चिडून म्हणाली.

“न्हाई. पण मेलच्या खाली तू लातूर लिहितीस, ते काढून टाक की,” साहेबराव म्हणाले.

तिनं ते खोडलं. मग स्वतःचाच राग आला, म्हणून पुन्हा लिहिलं आणि एकसष्टाव्या कंपनीला मेल पाठवला. त्याचंही उत्तर आलं नाही.