दवाखान्याचं जहाज

अंतराळातल्या लढाईचा एखादा जुना, चांगला गेम सुचव, असं मला कोणी म्हटलं की मी आधी विचारते, मोहीम मधे सेव्ह व्हायला पाहिजे की नाही? पुण्यामुंबईकडची मंडळी या प्रश्नाने गडबडतात. त्यांना स्फोट किती खरे दिसतात, तारे किती दिसतात, यावर बोलायचं असतं. मी अकोल्यात, जठारपेठेतल्या आमच्या घराच्या समोरच्या खोलीत टायपिंगचा आणि कॉम्प्युटरचा क्लास चालवायचे, तेव्हा गेम चांगला की वाईट हे वीज ठरवायची. सकाळी भारनियमन, दुपारी पुन्हा भारनियमन. मोहिमेच्या अधेमधे सेव्ह न होणारा गेम कितीही देखणा असला तरी आमच्या लेखी बिनकामाचा. शत्रूच्या शेवटच्या विमानामागे लागावं आणि डोक्यावरचा पंखा हळू व्हायला लागावा, हे ज्याने भोगलं नाही त्याने मला गेममधलं शहाणपण शिकवू नये.

'आमच्या लेखी' म्हणजे आम्हा दोघांच्या. एक मी, आणि दुसरा गल्लीच्या तोंडाशी बॅटरीचं दुकान असलेला भाई. तो माझा यूपीएस दुरुस्त करायला आला होता. मी हातातली लढाई सोडायला तयार नव्हते, तेव्हा स्क्रू काढता काढता तो मागून म्हणाला, "दीदी, पीछे की ढाल गई तुम्हारी. आगे की आधी पीछे डालो." मी वळून पाहिलं. विमानाभोवतीच्या ढालीची अर्धी ताकद पुढून काढून मागे वळवायची, ही युक्ती सराईतालाच माहीत असते. अकोल्यात ही भाषा कळणारं आणखी कोणी आहे, हे मला त्या दिवशी समजलं. यूपीएस नीट व्हायला संध्याकाळ झाली, कारण दोघांनाही घाई नव्हती.

आमच्याकडे सीड्या नागपूरहून यायच्या. कव्हर नाही, पुस्तिका नाही, वर मार्करने काहीतरी खरडलेलं आणि तेही बहुतेक चुकीचं. म्हणून गेमांना नावं आम्हीच ठेवली. एकाचं नाव 'सासू', कारण त्यातल्या विमानात एक बाई सारखी टोकत असायची, इंधन कमी आहे, डावीकडे बघ, वेग जास्त होतोय. एकाचं नाव 'धुकं'. आणि सगळ्यांत लाडका तो 'बिजली बोर्ड'. त्यात इंजिन, बंदुका आणि ढाल यांना वीज एकाच ठिकाणाहून मिळायची. एकाला वाढवली की दुसऱ्याची कापायची. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा भाई पोट धरून हसला. "इसको दो तो उसकी काटो. ये तो अपने यहाँ का ही गेम है." हे विजेचं गणित जमायला लोकांना आठवडे लागतात असं म्हणतात, आम्हाला एका बैठकीत जमलं. आजही नव्या माणसाला मी पहिला 'बिजली बोर्ड'च सुचवते. मग तो खरं नाव विचारतो आणि माझी पंचाईत होते.

मी ज्यांना या नादाला लावलं त्यांत माझा मोठा भाऊ सगळ्यांत वाईट विद्यार्थी होता. दादा सरकारी डॉक्टर, परतवाड्याच्या पुढे एका ग्रामीण रुग्णालयात. सुटी मिळाली की परतवाडा, अमरावती करत, दोन बसगाड्या बदलून घरी यायचा आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायचा. प्रश्न एकेक असे की डोकं फिरावं. अंतराळात हवा नाही तर आवाज कसा येते? मी म्हणायचे, तुले खेळायचं हाये का परीक्षा घ्यायची हाये? जॉयस्टिक मागे ओढली की विमान वर जातं, हे त्याच्या हाताला काही केल्या पटत नव्हतं. पहिल्याच दिवशी तो आपल्याच मोठ्या जहाजावर जाऊन आदळला.

"इंजेक्शन तरी सरळ देतं का तू लोकायले?" मी विचारलं.

"ते नर्स देते," तो म्हणाला, आणि पुन्हा जाऊन आदळला.

हे सगळं हसतखेळत चाललं होतं तोवर चाललं. मग ती वर्षं आली. कापसाचं कुठे काही जुळत नव्हतं, पेपरात रोज आत्महत्यांचा आकडा चौकटीत छापून यायचा, आणि आम्ही शहरातले लोक तो पावसाच्या आकड्यासारखा वाचून पान उलटायचो. दादाला पान उलटता येत नव्हतं. फवारणीचं औषध घेतलेला माणूस जीपमध्ये घालून आणला की पहिला त्याच्यासमोर यायचा. त्याच्याकडे काय होतं? पोट धुवायची नळी, थोडी इंजेक्शनं, आणि अमरावतीला न्यायला गाडी, ती असली तर. किती जण वाचले आणि किती नाही, हे त्याने घरी कधी सांगितलं नाही. नुसतं त्याचं येणं कमी झालं, आणि आला की जेवण कमी झालं.

एका रविवारी आम्ही सगळे जेवत होतो. बाबांना रक्तदाबाची गोळी असायची. आईने आतून आवाज दिला, "औषध घेतलं का हो?" दादाच्या हातातला घास खाली पडला आणि तो ताटावरून उभा राहिला. दरवाज्याकडे पाहत होता, जणू जीप येऊन थांबली आहे. मग त्याच्या लक्षात आलं, तो बसला, आणि भात कालवत राहिला. त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी औषध म्हणत नाही, गोळी म्हणतात.

त्यानंतरच्या सुटीत तो आला आणि परत गेलाच नाही. दोन दिवसांचा आठवडा झाला, मग आणखी एक. आईला आनंद लपवता येईना. समोरच्या खोलीत त्याचा दवाखाना किती छान होईल हे ती शेजारच्या काकूंना सांगून मोकळी झाली, आणि माझा क्लास कुठे हलवायचा हेही तिने ठरवलं. मलाही तो राहावा असंच वाटत होतं, उगाच खोटं कशाला बोलू. पण तो राहिला असंही नव्हतं. दिवसभर पलंगावर पाय खाली सोडून बसायचा, चप्पल घातलेली. जातो म्हणायचा नाही, राहतो म्हणायचा नाही. तिकडच्या रुग्णालयातून फोन आला की आई सांगायची, झोपला आहे.

मग एका दुपारी, क्लासची मुलं गेल्यावर, तो माझ्या खोलीत आला. "एखादा गेम सांग ना," म्हणाला. "ज्यात कोणाले वाचवा लागते असा. नुस्तं मारायचं नाही."

मी त्याची थट्टा करणार होते. लढाईच्या गेममध्ये मारायचं नाही म्हणजे मटणाच्या पंगतीत बसून मटण नको म्हणणं. पण त्याचा चेहरा पाहिला आणि उठून भाईच्या दुकानात गेले. आम्ही दोघांनी तिथे बॅटऱ्यांच्या मधे उभं राहून जेवढा विचार केला, तेवढा कोणाला गेम सुचवताना आजवर केला नसेल. 'सासू' बाद, ती त्याला सुचू देणार नाही. 'धुकं' उदास आहे. शेवटी भाई म्हणाला, "वो सफेद जहाज वाला."

तो गेम आम्ही दोघांनीही एकदाच खेळून ठेवून दिला होता, कारण त्यात मधे सेव्ह व्हायचं नाही. त्यात एक मोहीम होती. एक मोठं पांढरं जहाज, जखमी लोकांनी भरलेलं, हळूहळू चाललेलं, आणि आपण त्याच्या बाजूने उडत त्याला सांभाळायचं. दवाखान्याचं जहाज. मोहीम लांबलचक, एका भारनियमनातून दुसऱ्यात जाणारी. भाईने दुसऱ्या दिवशी दुकानातल्या पोराला न सांगता स्वतः हातगाडीवर ट्रकची बॅटरी घालून आणली, माझ्या टेबलाखाली बसवली आणि म्हणाला, "डॉक्टर साब, अब बत्ती जाए तो जाए."

दादा खेळू लागला. त्याचा हात एवढ्यात केव्हा सुधारला, कोण जाणे. पांढऱ्या जहाजाच्या पोटाखालून तो सरळ, न डगमगता उडायचा. पण दर वेळी शेवटी ते जहाज फुटायचंच. पडदा पांढरा व्हायचा, मग कमांडरचा आवाज यायचा की आता परत फिरा, आणि पुढची मोहीम उघडायची. दादा पुढे जायचा नाही. बंद करून तीच मोहीम पुन्हा सुरू करायचा. रोज.

आता इथे एक गोष्ट अशी होती, जी मला आणि भाईला माहीत होती आणि दादाला नव्हती. ते जहाज वाचतच नाही. कथाच तशी लिहिलेली आहे, पुढच्या मोहिमांमध्ये त्याचाच सूड घ्यायचा असतो. तुम्ही जगातले सर्वांत चांगले वैमानिक असा, ते फुटणार. भाई म्हणाला, बता दो दीदी, आदमी घुल रहा है. मी म्हणाले, सांगितलं आणि त्याने हेही सोडलं तर? दिवसातून तेवढाच वेळ तो कुठेतरी असायचा. बाकी वेळ तो नव्हताच. मला भीती वाटत होती, आणि मला भीती वाटली की मी चिडते, म्हणून भाईवरच ओरडून परत आले.

पण दुसऱ्या दिवशी जहाज पुन्हा फुटलं आणि दादाने पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला हात नेला, तेव्हा माझ्याने राहवलं नाही.

"दादा, ते वाचत नाही," मी म्हणाले. "काही बी कर. प्रोग्राममंदीच तसं लिहून हाये."

"मले माहीत हाये," तो म्हणाला.

"कवापासून?"

"तिसऱ्या का चवथ्या खेपेपासून. ढाल पुरी असताना फुटलं. म्हटलं, हे आधीच ठरलेलं दिसते."

"मंग काऊन खेळून राहिला?" माझा आवाज चढला होता. पंधरा दिवस मी याच्यासाठी जीव टांगणीला लावून बसले होते.

"बस," तो म्हणाला. "पाय, काय होते ते."

त्याने मोहीम पुन्हा लावली. मी शेजारी बसून पूर्ण पाहिली. नेहमीच्या ठिकाणी जहाजाला आग लागली. मी आणि भाई आमच्या वेळी तिथे शत्रूच्या मागे लागलो होतो, कारण विमानं पाडली की गुण मिळतात. दादा गेला नाही. तो जहाजाच्या पोटाखाली थांबला, बंदुकांची वीज कापली, सगळी ढालीला दिली, आणि स्वतःचं विमान आडवं धरलं. मग मला दिसलं. पोटाच्या एका कडेने एक लहानसा पांढरा ठिपका बाहेर पडला. शत्रूने त्याच्यावर मारा केला, तो दादाच्या ढालीवर बसला. ठिपका तरंगत दूर निघून गेला. मग दुसरा. त्यानंतर आणखी एक. आणि मग जहाज फुटलं.

"डब्ब्या हायेत त्या," दादा म्हणाला. "आत माणसं असतीन. पयल्यांदा एक निघाली होती, ते बी चुकून दिसली."

इतकी वर्षं स्वतःला या गेमांची मास्तरीण म्हणवणारी मी, मला त्या डब्या दिसल्याच नव्हत्या. "याचे गुण किती?" मी विचारलं. दुसरं काही सुचलं नाही.

"नाहीत गुण. मी शोधलं. कुठंच लिहून येत नाही." त्याने जॉयस्टिक बाजूला सरकवली. "तीनच्या वर निघत नाहीत. तेही करून पायलं."

"मंग?"

"मंग काय. तीन निघतात ना."

त्याने माझ्या डोक्यावर टपली मारली, लहानपणी मारायचा तशी, आणि आत जाऊन आईला म्हणाला की सकाळच्या गाडीने निघतो. आई रडली. मग भांडली, मग पुन्हा रडली. तुझा दवाखाना इथं, घरात, असं ती म्हणत राहिली. तो तिच्या पायाशी बसून ऐकत राहिला आणि हो म्हणाला नाही. सकाळी मी त्याला स्टॅंडवर सोडायला गेले. अमरावतीची गाडी भरलेली होती, तो दांड्याला धरून उभा राहिला, आणि मला खिडकीतून त्याची फक्त पिशवी दिसली.

त्यानंतर त्याने बदली मागितली नाही. घरी फोन करायचा, आणि मी उचलला की कधीकधी इकडचं तिकडचं न विचारता सरळ म्हणायचा, "आज एक निघाला." एवढंच. मी म्हणायचे, बरं झालं. पुष्कळ दिवस तो फोन यायचा नाही, आणि त्या दिवसांबद्दल आम्ही दोघंही बोलत नसू. एकदा संध्याकाळी त्याचा आवाज ओळखू येईना इतका हलका होता. "दोघं निघाले," तो म्हणाला. "मायलेक."

मी फोन ठेवला तर आई स्वयंपाकघराच्या दारात उभी. तिला वाटायचं आम्ही अजून गेमचंच बोलतो, आणि एवढा मोठा डॉक्टर होऊन हे काय, म्हणून ती वैतागायची. "काय झालं?" तिने विचारलं. "जिंकला का हरला?"

"जिंकला," मी म्हणाले.