धाकटीची नवी साडी

यंदा महालक्ष्म्या बसवताना मी थोरलीच्या धडावर धाकटीचा मुखवटा ठेवला आणि धाकटीच्या धडावर थोरलीचा. वर दोन पावलं मागं सरून, कमरेवर हात ठेवून, 'जमलं बाप्पा' असं मोठ्यानं म्हणालोसुद्धा. आमच्या घरात ही चूक आजवर कोणी केली नव्हती. कोणाला तशी संधीच मिळाली नव्हती. साड्या नेसवणं, मुखवटे बसवणं, सगळं माझी पुतणी करायची.

पुतणी म्हणजे माझ्या धाकट्या भावाची धाकटी मुलगी. आम्ही दोघं भाऊ एकाच घरात राहतो, चूल वेगळी, महालक्ष्म्या एक. गेल्या दिवाळीनंतर ती गेली. रक्ताचा कॅन्सर. वय सांगावंसं वाटत नाही. स्थळं यायला लागली होती, एवढं सांगतो.

दोन्ही मुखवटे पितळेचे, एकाच साच्यातले. फरक फक्त नाकात. थोरलीच्या नथीचं भोक झिजून मोठं झालंय, म्हणून तिची नथ दोऱ्यानं बांधलेली असते. हे मला पुतणीनंच दाखवलं होतं. मी मान हलवली होती. मान हलवणं आणि लक्षात ठेवणं यात अंतर असतं, हे माझ्या बायकोला माझ्याशी लग्न झाल्यापासून माहीत आहे.

आणि आमच्या घरची एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. दरवर्षी साडी एकच नवी येते. ती थोरलीला. धाकटीला थोरलीची मागच्या वर्षीची. कोणी लावली ही रीत, देव जाणे. एखादा पूर्वज माझ्यासारखाच हात आखडता असलेला असणार. पुतणीला ही रीत लहानपणापासून खटकायची, कारण तिचं स्वतःचं सगळं लहानपण ताईच्या फ्रॉकमध्ये आणि ताईच्या दप्तरासोबत गेलं.

"मोठेबाबा, धाकटीनं असं काय पाप केलं हो?" दरवर्षी साडी नेसवताना ती विचारायची.

"रीत हाये बाई आपली."

"मंग रीत थोरलीनंच लावली असन."

सगळे हसायचे. नवी साडी थोरलीच्याच अंगावर जायची.

मग ती आजारी पडली. ताप उतरेना, अंगावर निळे डाग उठले. वाशिमच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि त्याच दिवशी नागपूरला पाठवलं. त्यानंतरचे महिने माझ्या डोक्यात एकच लांब प्रवास होऊन बसलेत. किमो, घर, ताप, पुन्हा नागपूर. भाऊ आणि मी आळीपाळीनं जायचो. दवाखान्यात माझं काम एकच, तिच्याजवळ बसणं. तेही मला धड जमलं नाही, कारण मी बसलो की झोपतो. सलाइन संपलं की तीच मला उठवायची.

"मोठेबाबा, उठा. माही बाटली संपली, सिस्टरले सांगा. अन् घोरू नका, बाजूची बुढी घाबरून राह्यली."

घरात प्रत्येकानं काही ना काही धरलं होतं. बायकोनं गुरुवार धरले. भावाच्या बायकोनं गोड सोडलं. मी मंगरूळपीरला दर्ग्यात धागा बांधून आलो, येताना एका देवळातही हात जोडले, म्हणजे कोणाला वाईट वाटायला नको. जिच्यासाठी हे सगळं चाललं होतं तिनं मात्र एकही नवस बोलला नव्हता, कुठेच.

मागच्या वर्षी महालक्ष्म्या दोन किमोच्या मधे आल्या. डॉक्टरांनी घरी सोडलं, पण गर्दी नको, ताजी फुलं नकोत, तोंडाला मास्क हवा. म्हणून पाहुणे यायच्या आधीच तिनं साड्या नेसवायला घेतल्या. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून, डोक्याला रुमाल बांधून. एक निरी घालायची, थांबायची, श्वास घ्यायची. मी पिना द्यायला उभा होतो. निम्म्या पिना मी जमिनीवर सांडल्या.

बायको बाहेर गेली तेव्हा मी हळूच म्हणालो, "पोरी, आता समोरच हायेत त्या. एकदा मागून पाह्य ना. बरं कर म्हणाव."

तिनं तोंडातली पिन काढली. "मोठेबाबा, पोरगी माहेरी आली का तिले कोणी काम सांगते काय? तीन दिवसासाठी येते बिचाऱ्या. जेवू घालाव, पान द्याव, लुगडं नेसवाव."

"मंग तुहं कोणाले सांगाव?"

"सांगायले कायले लागते? दिसते ना त्याईले. डोळे पाहा किती मोठे हायेत."

एवढं म्हणून ती पुन्हा निऱ्यांकडे वळली. खरं सांगायचं तर मला थोडा रागच आला होता. मागायला काय जातं, असं वाटलं. आम्ही सगळे दारोदार हात पसरत फिरतो आणि ही इथं देवीला आराम देते.

पुढं औषध लागू पडेना. डॉक्टरांनी भावाला आत बोलावलं तेव्हा मी बाहेर होतो, आणि जागा होतो. परत येताना गाडी मीच चालवत होतो. भाऊ मागं तिच्याजवळ बसलेला, खिडकीबाहेर बघत. माझे डोळे भरून यायला लागले.

"मोठेबाबा, रडाचं असन त गाडी बाजूले घ्या," ती म्हणाली. "नाहीतर आपण तिघंबी जाऊ, अन् माय मलेच बोल लावीन."

मी गाडी बाजूला घेतली. रस्त्याकडेच्या तुरीत बघत आम्ही बराच वेळ बसलो. मग तीच बोलली, "महालक्ष्म्या पुढच्या वर्षीबी येतीन. मी असो का नसो. त्याईचा सयपाक करजा, चुकवू नका." एखादी मुलगी सासरी जाताना घरच्यांना गायीच्या वैरणीचं सांगते ना, तशा आवाजात. शेवटचे दिवस ती घरीच होती. फोनमध्ये दोघी महालक्ष्म्यांचा फोटो होता, तो उशाशी उघडा ठेवायची. बघायला कोणी आलं की दाखवायची, "ह्या माह्या दोघी."

यंदा बसवाव्यात की नाही, यावर घरात कोणी बोलायलाच तयार नव्हतं. वर्ष व्हायचं होतं. शेवटी भावाची बायकोच म्हणाली, "बसवा. तिनं चुकवू नका म्हटलं. मी सयपाकाले हाये. पण तिथं मले उभं करू नका." बायकोचे हात पुरणात. म्हणून साड्या नेसवायचं माझ्याकडे आलं. आणि बायकोनं पेटीतून मुखवटे काढून, एक या हातात आणि एक त्या हातात, माझ्याकडे दिले.

पाहुणे जेवले, आंबील प्याले, गेले. कोणाच्या काही लक्षात आलं नाही. आरतीनंतर भावाची बायको एकदाच पुढं आली, नव्या साडीचा पदर सारखा केला आणि परत चुलीकडे गेली. मला वाटलं, माझ्या निऱ्या बघवल्या नसतील.

तिसऱ्या दिवशी दुपारी बायको आणि मी दोघंच उतरवत होतो, म्हणजे ती उतरवत होती आणि मी धरून उभा होतो. मुखवटा हातात घेतला तर नथ दोऱ्यानं बांधलेली. थोरली. आणि तिच्या धडावर मागच्या वर्षीची साडी. मी दुसरीकडे पाहिलं. नव्या हिरव्या साडीत तीन दिवस धाकटी उभी होती.

"अव, हे काय झालं! मी मुखवटे उलटे बसवले."

"मले पयल्याच दिवशी दिसलं," बायको साडीची घडी घालत म्हणाली.

"मंग बोलली काहून नाई?"

तिनं दारातून चुलीकडे पाहून घेतलं, मग आवाज खाली आणला.

"मागच्या वर्षी तुमी पाणी प्यायले गेले, तवा म्या तिले म्हटलं होतं, बाई, यंदा नवी धाकटीले नेसव, तुले कोणी काई म्हणत नाई. त म्हणे, नाई मोठीआई, पुढच्या वर्षी नेसवीन. येवढं एक काम बाकी राहू द्या. आता हे तिच्या मायले कोणत्या तोंडानं सांगू? अन् रीत मोडा म्हणून तुमाले सांगतलं असतं त तुमी घरभर इचारत फिरले असते. म्हणून मुखवटे तुमच्या हाती दिले, अन् कोणता कोणाचा ते सांगतलं नाई. तिचा भरोसा त्याईच्यावर होता, माहा तुमच्यावर. हा माणूस चुकल्याबिगर राहत नाई. धरा आता ते टोक, घडी नीट घालू. पुढच्या वर्षी हे थोरलीले लागन."