सातवं बटण

जर्मनीतल्या आमच्या ब्रुन्स्टेटमध्ये धुराडी साफ करणारा दिसला, की लोक त्याच्या काळ्या डगल्याचं बटण धरतात. नशीब उघडतं म्हणे. बटणच धरायचं, हात मिळवायचा नाही, काजळी लागते.

ओटिली ब्र्योमेलनं हा डगला चाळिशी उलटल्यावर अंगात घातला. त्याआधी मध्ययुगातल्या जोगिणींच्या स्तोत्रांवर डॉक्टरेट, आणि तिच्या जोरावर नऊ वर्षं हंगामी तासिका. मग तिनं सरळ शिकाऊ उमेदवारी धरली. तीन वर्षं छपरं, काजळी, आणि हल्ली घर तापवणारे विजेचे हीट पंपसुद्धा. गावानं कौतुक केलं. हातात कसब हवं, असं आमचं गाव प्रत्येक समारंभात म्हणतं आणि आपली मुलं विद्यापीठात धाडतं. तिची आई शेजारणींना सांगे, "ओटिली ऊर्जा क्षेत्रात असते." लेक डगल्यात समोरून आली, की आई रस्ता ओलांडे.

शेवटच्या परीक्षेचं दार नऊला बंद होणार होतं. चुकलं, तर आणखी सहा महिने शिकाऊच. परीक्षेला पूर्ण गणवेश लागतो. तो तिनं घरूनच चढवला, आणि तोही बाजारच्या दिवशी.

"ओटिले, थांब गं जरा!" पोस्टवाली बटण धरायला धावली. तिच्या मुलीचं लग्न होतं. पाठोपाठ बेकरीवाला, त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं.

नवाला चार मिनिटं कमी असताना परीक्षागृहाच्या पायरीवर आई उभी. हातात लॉटरीचं तिकीट.

"धरू दे एकदा."

"आई, तीन वर्षं ओळख दाखवली नाहीस."

"ओळखत होते, म्हणून तर रस्ता ओलांडत होते. हलू नको. सहा आकडे आहेत, एकेक म्हणते. चार..."

ओटिलीनं खालचं बटण हिसका देऊन तोडलं आणि आईच्या तळहातावर ठेवलं. "घरी नेऊन म्हण!"

ती आत शिरली आणि दार लागलं. परीक्षक ड्यूस्टरहोफ साहेबांनी आधी घड्याळ पाहिलं, मग डगला.

"सातपैकी सहा. गणवेश अपुरा. दोन गुण वजा."

"साहेब, धुराड्याला बटणं मोजता येत नाहीत."

"मला येतात."

ओटिली एका गुणानं पास झाली.

आईला लॉटरी लागली नाही. 'धुराडं' हा शब्द अजून तिच्या तोंडून निघत नाही. बटण मात्र दागिन्यांच्या डबीत असतं. शेजारणी आल्या की ती डबी उघडते.

"माझ्या ओटिलीचं. अंहं, हात नको लावू."