प्रयोगाचं पाणी

प्रयोग झाला आणि सरांनी माझ्या हातचं पाणी खिडकीबाहेर फेकलं. साहेबांसमोर. सगळ्या वर्गासमोर.

तेही दुष्काळात! रेणापूरजवळचं आमचं गाव. विहीर खरवडली तरी घागर बुडत नव्हती. शाळेत एकच माठ. त्याला आम्ही बौद्धवाड्यातल्या पोरांनी शिवायचं नाही. कुणी वरून ओतलं तर ओंजळीनं प्यायचं.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. नव्या जिल्ह्याचे साहेब तपासणीला येणार म्हणून सरांनी सातवीतून मला निवडलं. मला! शाळा सुटल्यावर थांबवून घेऊन शिकवलं. "द्रव हा शब्द संस्कृतातल्या 'द्रु' धातूपासून आला. द्रु म्हणजे धावणं, वाहणं. जे वाहतं ते द्रव." पाणी, तेल, दूध. ज्या भांड्यात घालाल त्याचा आकार घेणार. मी चुलीपुढं घोकायची. आई म्हणायची, "सर लई मोठ्या मनाचा हाय बाई." मलाही तो देवमाणूस वाटायचा.

सरावाला पाटलाची पोरगी पेल्यातलं पाणी वाटीत ओतायची, वाटीतलं ताटलीत. मी नुसतं बोलायची. नंतर सर ते पाणी जपून माठात परत टाकायचे. थेंब वाया जाऊ द्यायचे नाहीत.

नेमकी त्या दिवशी ती तापानं आली नाही. मीच ओतलं, मीच बोलले. टाळ्या पडल्या. आणि सरांनी ताटली उचलून पाणी फेकलं.

"सर, काल तर माठात टाकलं हुतं की."

सर हळू आवाजात, लाडानं म्हणाले, "गावाची रीत हाय, पोरी. तू शानी हायस ना? मनाला लावून घिऊ न्हाई."

शिवी दिली असती तर सोसली असती. या माणसानं केसानं गळा कापला.

साहेबांनी सगळं पाहिलं होतं. ते म्हणाले, "छान. द्रव शब्द कसा आला, पुन्हा एकदा सांग बघू."

धातू, अर्थ, सगळं पाठ होतं. पण मी पेला उचलला. सरळ माठाकडं गेले. झाकण काढलं, पेला मनगटापर्यंत बुडवला आणि सगळ्यांकडं बघत प्यायले.

"बाटवला! माठ बाटवला!" पोरं ओरडली.

सरांचा आवाज चिरकला. "अगं, आता सगळा माठ वतून द्यावा लागंल!"

"वता," मी म्हणाले. "दुसरा भरा. उद्या त्यातलंबी मी माझ्याच हातानं घेनार हाय."